प्लेट नवी, शिसं मात्र जुनंच

ताई,
मी ठाण्याचा. वय ४१, वजन ७८ किलो. गेली काही वर्षं दर हिवाळ्यात बायकोबरोबर डायव्हिंगला जातो. बहुतेक वेळा अंदमान, मधूनमधून गोवा. आजवर सगळं जॅकेट बीसीडीवर (हवा भरून-सोडून पाण्यात तरंगणं सांभाळणारं जॅकेट), तेही डायव्ह सेंटरच्या. यंदा एका मित्राच्या आग्रहावरून स्टीलची बॅकप्लेट (पाठीवरची धातूची पाटी), ती अंगाला बांधणारं अखंड पट्ट्याचं हार्नेस आणि १८ किलो उचलणारी विंग (पाठीमागची हवेची पिशवी) विकत घेतली. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटापाशी पहिल्यांदा पाण्यात नेली आणि हौस फिटली. पाण्यावर आलो की विंग मला पालथा पाडते, लाटेत तोंड बुडतं. उतरताना हवा सुटत नाही. वर येताना आवरत नाही. मान वर केली की टाकीचा व्हॉल्व्ह डोक्यात बसतो. खांदे दोन दिवस ठणकत होते. शेवटी बोटीपाशी हार्नेसमधून हातच निघेना, तेव्हा खलाशांनी मला टाकीसकट वर ओढलं. वेटसूट ३ मिलिमीटरचा, पूर्ण अंगाचा. टाकी नेहमीची ॲल्युमिनियमची. बेल्टवर शिशाची वजनं जॅकेटवर घ्यायचो तेवढीच, ६ किलो. मित्र म्हणतो, 'सवय होईल.' बायको म्हणते, 'विकून टाक.' ती तिच्या जॅकेटवर खूश आहे. मी तिलाही हेच घ्यायला सांगत होतो, आता बोलायची सोय राहिली नाही. काय करू?
— तोंडघशी पडलेला, ठाणे

नमस्कार.

विकू नका, निदान इतक्यात तरी नको. मित्राच्या 'सवय होईल'वरही विसंबू नका, कारण चुकीच्या वजनाचीसुद्धा सवय होते आणि मग ती सुटता सुटत नाही. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात: ६ किलो. तुमच्या सहा तक्रारींपैकी निम्म्या त्या एका आकड्यातून आल्या आहेत. तेव्हा पट्टे, बकलं, विंग यांना हात लावण्याआधी शिशाचा हिशेब करू.

स्टीलची प्लेट अडीच ते तीन किलोची असते. स्टील पाण्यात गेलं तरी त्याच्या वजनातला जेमतेम आठवा हिस्सा कमी होतो. म्हणजे बेल्टवर न दिसणारे सव्वादोन-अडीच किलो तुम्ही पाठीला बांधलेले आहेतच. उलट जॅकेटमध्ये काय असतं? पाठीला फोमची गादी, खांद्याला फोम, कापडाचे थरावर थर आणि त्यांत अडकलेली हवा. पूर्ण रिकामं केलेलं जॅकेटही तरंगू पाहतं आणि त्याला नुसतं बुडवायलाच किलोभर शिसं खर्ची पडतं. तुमच्या नव्या साजात तो फोमही गेला. दोन्ही धरले तर तुम्ही नेत्राणीला जवळजवळ साडेतीन किलो जास्त घेऊन उतरलात. शिवाय ते जुने ६ किलो तरी नेमके होते का, याची मला शंका आहे. अनेक सेंटरांवर ग्राहक पटकन खाली जावा म्हणून एखादा किलो वरचा देण्याची रीत असते. ग्राहकही तोच आकडा वर्षानुवर्षं स्वतःच्या बुटाच्या मापासारखा सांगत राहतो.

आता हे साडेतीन किलो पाण्यात काय करतात ते बघा. एक किलो जादा वजन पेलायला विंगेत सुमारे एक लिटर हवा जादा भरावी लागते. समजा, तुम्ही १० मीटरवर आहात आणि या फुकटच्या वजनापायी विंगेत साडेतीन लिटर हवा आहे. तिथे दाब २ बार. ५ मीटरवर आलात की दाब दीड बार, आणि तीच हवा फुगून ४.७ लिटर होते. म्हणजे तुम्ही बोटही न हलवता तुम्हाला वर ओढणारा जोर सव्वा किलोनं वाढला. तिथून पृष्ठभागापर्यंत तीच हवा ७ लिटर होते. 'वर येताना आवरत नाही' ते यामुळे. वजन बरोबर असतं तर विंगेत मुळात हवाच इतकी थोडी असती की तिचं फुगणं तुम्ही श्वासावर सांभाळलं असतं.

पुढच्या वेळी ३ किलोपासून सुरुवात करा. एकदम शून्यावर जाऊ नका. टाकी रिकामी होत जाते तसे तुम्ही हलके होत जाता, आणि सुरुवातीला छान वाटलेलं वजन शेवटी कमी पडू शकतं. तुमच्या ११ लिटरच्या टाकीत २०० बारला अडीच किलोहून थोडी जास्त हवा मावते. भरलेली ही टाकी पाण्यात थोडी बुडते, रिकामी झाली की पावणेदोन-दोन किलोनं तरंगू लागते. म्हणून खरी परीक्षा डायव्हच्या शेवटी. टाकीत ५० बार उरलेले, ५ मीटरवर सेफ्टी स्टॉप (वर येण्याआधीचा थांबा), हाताशी बोयाची दोरी. विंग पूर्ण रिकामी करा आणि संथ श्वास घेत राहा. श्वास आत घेतल्यावर किंचित वर, सोडल्यावर किंचित खाली असं झालं तर वजन जमलं. खालीच जात असाल तर एक किलो डाइव्हमास्टरच्या हाती द्या आणि पुन्हा बघा. दोरी सोडली की वर जाऊ लागलात तर पुढच्या डायव्हला एक किलो वाढवा. माझा अंदाज आहे की तुम्ही दोन किलोच्या आसपास थांबाल. सूट बदलला, टाकी स्टीलची मिळाली, की ही तपासणी नव्यानं.

स्टीलच्या प्लेटबद्दल एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत. प्लेटचं वजन संकटात टाकून देता येत नाही. जॅकेटवर तुमचे सहाच्या सहा किलो बेल्टवर होते. बकल उघडलं की गेले. आता विंग फाटली किंवा इन्फ्लेटरची (विंगेत हवा भरायची-सोडायची) नळी निसटली तर काय, याचा विचार डायव्हआधीच झाला पाहिजे. सगळ्यात वाईट वेळ धरा: डायव्हची सुरुवात, टाकी भरलेली, २० मीटर खोली. टाकीतल्या हवेचे अडीच किलो आणि खोलीवर दबून तरंगण्याची ताकद गमावलेल्या वेटसूटचा दीडेक किलो, असे चारेक किलो तुम्हाला फिन्स मारून वर न्यायचे आहेत. धडधाकट माणसाला ते जमतं. दोन किलोचा बेल्ट टाकून दिला तर बरंच सोपं होतं. नेत्राणीच्या वेळच्या तुमच्या साजात हाच आकडा साडेसातच्या घरात होता, आणि डायव्हच्या शेवटी, टाकी रिकामी होत आलेली असताना, तुम्ही ६ किलो टाकले असतेत तर शेवटच्या पाच मीटरमध्ये स्वतःला थांबवू शकला नसतात. म्हणून उरलेले दोन किलो बेल्टवरच राहू द्या आणि बेल्ट हार्नेस घातल्यानंतर, मांड्यांमधल्या पट्ट्याच्या बाहेरून बांधा. तो आत अडकला तर उघडूनही पडणार नाही.

एखाद्या दिवशी गरम पाण्यात नुसत्या रॅशगार्डवर (अंगाला चिकटणारा पातळ शर्ट) उतरलात आणि बेल्टवर काहीच नसतानाही ५ मीटरवर बुडत राहिलात, तर त्या पाण्यासाठी ती प्लेट तुम्हाला जड आहे. अशा वेळी ॲल्युमिनियमची प्लेट हवी. ती किलोभराचीच असते. अंदमानात २८-२९ अंशांच्या पाण्यात बरेच जण असेच उतरतात, म्हणून सांगितलं.

आता पट्टे. ही मांडणी आली फ्लोरिडाच्या पाण्यानं भरलेल्या गुहांत बुड्या मारणाऱ्यांकडून. त्यांतल्या विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नावावरून अखंड पट्ट्याच्या हार्नेसला हॉगार्थियन म्हणतात. कल्पना साधी होती: मोडण्यासारखं, अडकण्यासारखं काही अंगावर नको. पाच सेंटिमीटर रुंदीचा एकच नायलॉन पट्टा प्लेटमधून ओवून दोन्ही खांद्यांवरून कमरेपर्यंत आणायचा, एक बकल, पाच डी-रिंग (डी आकाराच्या कड्या), संपलं. याची दुसरी बाजू अशी की जॅकेटसारखं पाण्यात टोक ओढून घट्ट-सैल करता येत नाही. माप घरी, निवांतपणे, तेही वेटसूट घालून घ्यावं लागतं. तुम्ही ते दुकानातल्या टी-शर्टवर घेतलं असणार असा मला दाट संशय आहे.

एक रविवार काढा. सूट घाला, टाकीशिवाय नुसती प्लेट चढवा आणि आरशासमोर उभे राहा. बायकोला बोलवा, ती हसेल, हसू दे, पाठीमागचं दिसायला दुसरे डोळे लागतातच. खांद्यावरून हात मागे नेला की बोटं प्लेटच्या वरच्या कडेला टेकली पाहिजेत. छातीपाशी पट्ट्याखालून पालथा तळहात सहज सरकला पाहिजे. सरकत नसेल तर पट्टे आवळलेले आहेत, आणि बहुधा तेच झालेलं आहे. बोटीवर १७ किलोची टाकी पाठीला लोंबते, पट्टा सैल वाटतो, माणूस तो ट्रेकच्या सॅकसारखा ओढून घेतो. मग प्लेट वर चढते, प्लेटबरोबर टाकी वर चढते आणि व्हॉल्व्ह डोक्यात बसतो. म्हणजे तुमचे ठणकणारे खांदे, डोक्यातला व्हॉल्व्ह आणि न निघणारा हात, या तिन्ही गोष्टी एकाच आवळलेल्या पट्ट्याच्या आहेत. दोन्ही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर सोडा, दोन्हीकडे सारखंच, आणि पुन्हा बघा. एवढ्यानं भागलं नाही तर टाकी तिला प्लेटशी धरणाऱ्या बँडमध्ये दोन बोटं खाली घ्या. हात मागे नेऊन व्हॉल्व्हची चकती बोटांना लागली पाहिजे आणि मान मोकळेपणानं वर झाली पाहिजे. या दोन्ही गोष्टी जमेपर्यंत खालीवर करत राहा.

नवा पट्टा कोरडा असताना बकलांमधून सरकता सरकत नाही, हाताची सालं निघतात. तो ओला करा, पक्कड घ्या. उरलेलं टोक लगेच कापू नका. चार डायव्ह होऊन माप पक्कं झालं की कापा, आणि टोक लायटरनं जाळून बंद करा, नाहीतर धागे सुटतात. कमरेला बकलापुढे वीतभर पट्टा राहिला पाहिजे, थंड पाण्यात जाड सूट घालायची वेळ आली तर लागतो. लोंबणारं टोक आणि घसरणाऱ्या डी-रिंग यांच्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून पट्ट्यावर चढवा. ब्रँडचं नाव छापलेले रबरी तुकडे विकतही मिळतात, पैसे वाचवा.

छातीवरच्या दोन रिंग बगलेच्या रेषेत, म्हणजे त्याच बाजूच्या हाताचा अंगठा वळवून तिथे पोचेल अशा. डाव्या कमरेची रिंग हाडाच्या किंचित मागे. तिथे टाकीतली हवा दाखवणारं प्रेशर गेज अडकवायचं. कमरेचं बकल बरोबर मध्यावर घेऊ नका, जरा उजवीकडे सरकवा. मध्यावर ठेवलं तर मांड्यांमधल्या पट्ट्याची रिंग त्याच्यावर येते आणि कधीतरी तेच उघडते.

त्या मांड्यांमधल्या पट्ट्याविषयी तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. म्हणजे तो एकतर सैल होता, नाहीतर लाजेखातर लावलाच नव्हता. लावा. टाकीसकट प्लेट डोक्याकडे सरकू न देणारी तीच एक गोष्ट आहे. ताठ उभं राहिल्यावर तो जाणवला पाहिजे, टोचता कामा नये.

खांद्याला गाद्या लावाव्यात का, असं तुम्ही पुढच्या पत्रात विचाराल. माझं मत: नको. पट्ट्याचं माप बरोबर असलं की ३ मिलिमीटरच्या सुटावर काही टोचत नाही, आणि फोमच्या गाद्या म्हणजे पुन्हा तरंगणारी वस्तू, पुन्हा शिसं. पण डाव्या खांद्याला उघडता येणारं एक बकल बसवून घ्यायला माझी हरकत नाही. कट्टर मंडळी याला नाकं मुरडतात. चाळिशी ओलांडलेला खांदा, हलणारी लहान बोट आणि उन्हाळी लाट यांची गाठ पडली की मत सौम्य होतं.

ते बकल नको असेल तर हात काढण्याची युक्ती जमिनीवर शिका. कमरेचं बकल उघडा, मांड्यांमधला पट्टा सोडा. खांदे वर उचलून ढिले सोडा, म्हणजे पट्ट्यात जागा होते. उजव्या हातानं डावा खांद्याचा पट्टा डी-रिंगपाशी धरून बाहेर ओढा आणि डावं कोपर मागे नेऊन पट्ट्याच्या आतून खाली सोडवा. कोपर निघालं की हात आपोआप येतो. बहुतेक जण आधी पंजा काढायला बघतात आणि तिथेच अडकतात. डावा हातच आधी, कारण श्वास घ्यायच्या रेग्युलेटरची नळी उजव्या खांद्यावरून येते. साज उजवीकडे फिरला तरी तोंडातला रेग्युलेटर तोंडातच राहतो. पाण्यात हे करण्याआधी विंगेत थोडी हवा भरा आणि वजनांचा बेल्ट बोटीवर द्या. डाव्या कमरेला अडकवलेलं गेज सोडवायला विसरू नका, नाहीतर खलाशी टाकी ओढेल आणि तुम्हीही मागोमाग जाल.

पृष्ठभागावर पालथं पडण्याबद्दल. जॅकेटमध्ये हवा बरगड्यांच्या दोन्ही अंगांना आणि पोटाशी असते, म्हणून ते माणसाला उभं धरतं. विंगेत सगळी हवा पाठीमागे. जॅकेटच्या सवयीनं तुम्ही वर येताच बटण दाबून धरलंत, विंग गच्च फुगली आणि १८ लिटरचा फुगा तुमच्या पाठीला धक्के देत राहिला. तो तुम्हाला पुढे ढकलणारच. हनुवटी पाण्याबाहेर राहील इतकीच हवा भरा. साडेतीन किलो उतरल्यावर ती फार थोडी लागेल. मग ताठ उभं राहण्याचा हट्ट सोडा, आरामखुर्चीत रेलल्यासारखं मागे रेला, पाय किंचित पुढे. विंगच तुम्हाला पाठीवर तरंगत ठेवते. बोटीपर्यंत जायचं असेल तर तसंच उताणं फिन्स मारत जा. जॅकेटपेक्षा हे सुखाचं आहे, थोड्याच वेळात कळेल. लाटा असतील तर वर आल्यावरही रेग्युलेटर तोंडातून काढू नका. पालथे असा की उताणे, कोकण-कारवार किनाऱ्यावर हे पथ्य पाळावंच.

हवा सोडण्याचं तंत्र मात्र खरंच नव्यानं शिकावं लागेल. जॅकेटला उजव्या खांद्यावर दोरी असायची, ती तुमच्या विंगेला बहुधा नाही. तुम्ही आधी तीच चाचपडत राहिला असाल. दुसरी सवय त्याहून वाईट: कित्येक जॅकेटांत इन्फ्लेटरची वळ्यावळ्यांची नळीच खाली ओढली की खांद्याजवळचा व्हॉल्व्ह उघडतो. तुमच्या विंगेला नळी जिथे जोडते त्या वळणाच्या जोडाला तो व्हॉल्व्ह नसेल तर नळी ओढून काही सुटणार नाही, उलट एक दिवस जोड सैल होईल. विंगेची नळी ओढायची नाही, उचलायची. उतरताना अंग उभं ठेवा, डावा खांदा जरा वर, नळी डोक्यावर सरळ, बटण दाबा आणि पूर्ण श्वास सोडा. उजव्या बाजूची हवा वरून वळून डावीकडे यायला क्षणभर लागतो, तेवढा वेळ द्या. सुरुवातीचे दोन-तीन मीटर असे गेलात की आडवे व्हा.

आडवं झाल्यावर नळीचं काम जवळजवळ संपतं. पुढचं काम मागच्या डम्प व्हॉल्व्हचं, म्हणजे हवा सोडण्याच्या व्हॉल्व्हचं. तो विंगेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, पाठीच्या बाजूला असतो आणि त्याची दोरी डाव्या कमरेपाशी येते. हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाते, म्हणून दोरी ओढताना कंबर ही सगळ्यात उंच जागा असली पाहिजे. डोकं किंचित खाली, कंबर वर, डाव्या हातानं दोरी क्षणभर ओढायची आणि सोडायची. उभ्यानं ती दोरी कितीही ओढा, हवेऐवजी पाणीच आत येईल. नेत्राणीला तुम्ही घाबरून उभे राहिलात आणि दोरी ओढत राहिलात, असं चित्र मला दिसतंय. वर जाऊ लागलेला माणूस उभा राहतोच. म्हणून ही हालचाल डोक्यानं समजून भागत नाही, हाताला पाठ व्हावी लागते. दोरी न बघता सापडली पाहिजे. सुरुवातीला तिच्या टोकाला मोठा मणी किंवा गाठ असली तर बरं.

सरावासाठी पुन्हा नेत्राणी नको. प्रवाह, लाटा, खोल निळं पाणी आणि दहा जणांची बोट, यात नवा साज शिकता येत नाही. आधी तरण तलाव. तारकर्लीला एमटीडीसीच्या डायव्हिंग संस्थेत प्रशिक्षणासाठी खोल तलाव आहे, ठाण्याहून तो काही परदेश नव्हे; किंवा ज्यांच्याकडे शिकलात त्यांना तलावातला एक तास मागा. तिथे शिशाचा आकडा वेगळा येईल, हे लक्षात ठेवा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. तुम्ही आणि सगळं सामान मिळून ११० किलो धरले तर तलावात पावणेतीन किलो शिसं कमी लागतं. म्हणजे तलावात बेल्टशिवायही तुम्ही बुडाल. ते ठीक आहे, पण तोच आकडा समुद्रात नेऊ नका. तलावात तीनच गोष्टी करा: मागच्या दोरीनं हवा सोडणं, पृष्ठभागावर रेलून तरंगणं, आणि हार्नेस पाण्यात काढून पुन्हा घालणं. मासे बघायचे नाहीत, कॅमेरा घरी.

मग उथळ समुद्र. तिथे ५ मीटरवर स्थिर होऊन फिन्स मारणं बंद करा आणि कोणतं टोक खाली जातं ते बघा. पाय खाली जात असतील तर एक किलो टाकीच्या वरच्या बँडवर घ्या किंवा टाकी थोडी वर सरकवा. डोकं खाली जात असेल तर टाकी खाली सरकवा. स्टीलची प्लेट वजन छातीमागे आणते, म्हणून जॅकेटवर पाय खाली लोंबणाऱ्या बहुतेकांचा हा दोष प्लेट घेतल्यावर निम्मा आपोआप जातो. हे सुख तुम्हाला अजून मिळालेलंच नाही, कारण सहा किलो कमरेला ओढत होते.

बोटीवर साज स्वतः जुळवा. मदतनीस पोरं प्रेमानं धावून येतात, पण त्यांचे हात जॅकेटला सरावलेले असतात. टाकीचे दोन्ही बँड आधी पाण्यात भिजवा आणि मग आवळा. कोरडा नायलॉन ओला झाला की सैलावतो आणि टाकी पाण्यात घसरते. आवळल्यावर टाकी धरून हलवून बघा. नवीन डाइव्हमास्टर असेल तर त्याला सांगा की खांद्याला बकल नाही, संकटात पट्टा कापावा लागेल आणि कटर कमरेला इथे आहे.

डायव्हनंतर विंगेत गोडं पाणी भरून खळखळवा, उलटी धरून मागच्या व्हॉल्व्हमधून काढा, थोडी फुगवून सावलीत वाळवा. प्लेटचं काही करावं लागत नाही, फक्त तिचे बोल्ट अधूनमधून आवळून बघा.

विमानाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणार. देशांतर्गत प्रवासात बहुधा १५ किलो सामान मिळतं, त्यातले तीन किलो प्लेट खाते. विंग आणि पट्टे मात्र जॅकेटपेक्षा कमी जागा घेतात, आणि प्लेट बॅगेच्या तळाशी सपाट बसते. रेग्युलेटर हातातल्या बॅगेत न्या.

आता बायकोचं. तिला जॅकेट सोडायला लावू नका. ती पाण्यात स्थिर आहे, खूश आहे, शिसं बेताचं घेते. मग जॅकेटनं तिचं काय बिघडवलं आहे? तंत्र चांगलं असलेला डायव्हर जॅकेटवर छान डायव्ह करतो आणि वाईट तंत्राचा प्लेटवर वाईटच करतो. तिला कधी मनापासून करून बघावंसं वाटलं तर तुमची प्लेट देऊ नका. लहान धडाच्या माणसाला नेहमीची प्लेट लांब पडते, खालची कड कमरेत टोचते. आखूड प्लेट वेगळी मिळते. पण ती तुमची बडी, म्हणजे पाण्यातली जोडीदार आहे, म्हणून तुमचा साज तिला ठाऊक असलाच पाहिजे. त्या रविवारी आरशासमोर पट्टे बसवून झाले की तिला तुमचं कमरेचं बकल उघडायला लावा, मागची दोरी न बघता शोधून ओढायला लावा आणि कटर काढून दाखवायला सांगा.